१९८८ च्या शंभर वर्षे आधी

आमच्या पुण्यातल्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर परवा एकाने लिहिले, ‘पुण्यात खगोलशास्त्र आले ते १९८८ साली, आयुकाबरोबर, त्याआधी इथे होते काय?’ आयुका म्हणजे पुण्यातले खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठीय संशोधन केंद्र. त्या प्रश्नावर दहा-बारा जणांनी अंगठे दाखवले. ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८८८ मध्ये, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली होती. भावनगरच्या महाराजांनी ५,००० रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली, आणि प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी डब्लिनच्या ग्रब यांची दुर्बीण आणवली. तिचा २० इंची आरसा त्या काळी देशात सर्वांत मोठा होता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला हेच नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला तळ ठोकून वर्णपट घेत होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळेला कुलूप लागले आणि दुर्बीण कोडाईकनालच्या वेधशाळेत गेली. तिथे ती कामी आली हे खरे. पण एक माणूस उठून गेला की संस्थाच उठते, हे मला सोसत नाही.

मी राहतो त्या केंब्रिजमध्ये विद्यापीठाची वेधशाळा १८२३ पासून मॅडिंग्ली रोडवर आहे. तिथल्या नॉर्थंबरलंड दुर्बिणीने नाव काढले ते अपयशामुळे: १८४६ च्या ऑगस्टमध्ये वेधशाळेचे संचालक चॅलिस यांनी नेपच्यून दोनदा टिपला आणि ओळखला नाही, म्हणून शोधाचा मान बर्लिनला गेला. तरीही ती दुर्बीण जागेवर आहे, आणि हिवाळ्यातल्या बुधवारी, आकाश निरभ्र असले की, थंडीने नाक लाल झालेली मुले शिडीवर चढून त्याच दुर्बिणीला डोळा लावतात. हुकलेला ग्रह ज्यांनी जपला, त्यांच्याकडून आपण शिकायला नको का?

आयुकाचे मोल मी कमी करत नाही. नारळीकर केंब्रिज सोडून मायदेशी परतले, म्हणूनच ती उभी राहिली. मी परतलो नाही. शिवाय त्या कॉलेजवरून संगम पुलाकडे मी चार वर्षे सायकल मारली, पण नायगमवालांचे नाव पहिल्यांदा वाचले ते इथल्या ग्रंथालयात, वयाच्या चाळिशीत.

हे सारे मी गटावर लिहिले. लिहिता लिहिता ‘आमच्याकडे दर बुधवारी’ असेही लिहून गेलो. त्याच मित्राने विचारले, ‘आमच्याकडे म्हणजे कुठे रे?’ चार दिवस झाले, मी उत्तर पाठवलेले नाही.