तुमच्या पेशंटची सिस्टर कोण?

पेशंट ॲडमिट झाला की डॉक्टर कोण, हे घरातल्या शेंडेफळालाही पाठ असतं. सिस्टर कोण असं विचारा. "कुठल्या ड्युटीची?" असा उलटा प्रश्न येतो.

सासूबाई मध्यंतरी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात होत्या. बीपी बघणारी वेगळी, गोळ्या देणारी वेगळी, ड्रेसिंगला तिसरीच. सगळ्या कामाला चोख, बोलायला गोड. पण सासूबाईंना डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे दर ड्युटीला नव्याने सांगायचं. नाही सांगितलं तर सिस्टर डावीकडे उभी राहून "आजी, दुखतंय का?" विचारणार, सासूबाई नुसत्या हसणार, आणि फाईलवर 'तक्रार नाही'.

यावरचा इलाज जुनाच आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या हॉस्पिटलात मारी मँथी या नर्सने आणि तिच्या सहकाऱ्यांनी एका वॉर्डात प्रायमरी नर्सिंग सुरू केलं. कामं वाटायची नाहीत, पेशंट वाटायचे. ॲडमिशनपासून डिस्चार्जपर्यंत त्या पेशंटच्या शुश्रूषेची आखणी एकाच सिस्टरची. ती काही चोवीस तास वॉर्डात नसते, पण जबाबदारी चोवीस तास तिचीच. घरी जाताना ती नीट लिहून ठेवते, पुढच्या पाळीची सिस्टर त्याप्रमाणे करते. डॉक्टरांशी बोलणार ती, घरच्यांना समजावणार ती. ड्युटीवर असताना अंग पुसणं, कूस बदलणंही तिच्याकडेच, कारण पाठीवर बेडसोअरची लाली येऊ लागली तर ती तेव्हाच दिसते.

आपल्याकडे हे कोण करतं? स्टुलावर बसलेली सून! कुठल्या हाताला सलाईनने सूज आली, कुठल्या गोळीने मळमळलं, लघवी किती झाली, सगळं तिच्या डोक्यात. ती डबा आणायला गेली की संपलं. परवडतं ते पेशंटजवळ बसायला ब्यूरोची बाई ठेवतात, म्हणजे हॉस्पिटलचं बिल भरून वर तिचेही पैसे.

सिस्टरांवर राग नाही हं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष बघा: टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर हॉस्पिटलात पाचांमागे एक. आता रात्री कुठल्याही वॉर्डात जाऊन मोजा.

पण 'माणसं कमी' हे मला अर्धंच कारण वाटतं. या पद्धतीत निर्णय पेशंटजवळच्या सिस्टरच्या हातात द्यावा लागतो. वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरला आपला अधिकार थोडा सोडावा लागतो, डॉक्टरांना सिस्टरचं ऐकून घ्यावं लागतं. आणि आपल्याकडे चार वर्षं बीएस्सी नर्सिंग केलेल्या मुलीला "आजींना खुर्चीत बसवू का?" विचारलं तरी उत्तर एकच, "सर राउंडला आले की विचारा." ती तरी काय करणार, तिला तेवढंच बोलायची मुभा आहे.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये बऱ्याच सिस्टर आणि ब्रदर आहेत. तुमच्या वॉर्डात पाळी बदलताना, ओव्हर घेताना पेशंट वाटून मिळतात की कामं? आयसीयूचं सांगू नका, जनरल वॉर्डचं सांगा.