‘हंगेरीच्या कसायाला पायघड्या कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सोव्हिएत पंतप्रधान ख्रुश्चेव्हच्या १९५९ च्या अमेरिका दौऱ्यावर मी लिहिलेलं तुम्हाला पटलं नाही, आणि तुम्ही चांगलंच झापलंयत. चार ओळी खरडून विषय मिटवता आला असता पण मुद्दे वजनदार आहेत म्हणून सविस्तर लिहितोय, जरा लांबेल, चालवून घ्या.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. एक, ज्या माणसाने तीन वर्षं आधी बुडापेस्टमध्ये रणगाडे घुसवले त्याच्या मक्याच्या आणि हॉट डॉगच्या गमतीजमती मी चवीने सांगितल्या, आणि निषेधाला उभ्या राहिलेल्या लोकांना दोन ओळीत गुंडाळलं. दोन, लॉस एंजेलिसच्या महापौराने त्याला भर जेवणात सुनावलं तर मी त्या महापौरालाच आगाऊ म्हटलं, म्हणजे माझ्या मते शत्रू समोर आला की गप बसायचं. तीन, सात महिन्यांत अमेरिकेचं यू-२ हेरविमान रशियात पाडलं गेलं आणि ये रे माझ्या मागल्या, म्हणजे दौरा फुकट आणि लोकांनी केलेलं स्वागतही फुकट. शेवटी तुम्ही विचारलंय की तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं. त्याचंही उत्तर देतो, पण शेवटी.

पहिल्यांदा हंगेरी, कारण तिथे आपलं भांडण नाहीच. ४ नोव्हेंबर १९५६ ला हंगेरीतला उठाव चिरडायला सोव्हिएत फौजा बुडापेस्टमध्ये शिरल्या, अडीच हजारांच्या आसपास हंगेरियन मेले, दोन लाख लोक देश सोडून पळाले. इम्रे नॉज, म्हणजे ज्याने पंतप्रधान म्हणून लोकांची बाजू घेतली तो, त्याला जून १९५८ मध्ये फाशी दिलं. म्हणजे ख्रुश्चेव्ह वॉशिंग्टनला उतरला तेव्हा त्या फाशीला सव्वा वर्षसुद्धा जेमतेम झालं होतं. त्या पळालेल्या लोकांपैकी हजारो जण अमेरिकेतच होते, शिवाय युक्रेनियन, पोलिश, बाल्टिक मंडळी आधीपासून होती. त्यांच्यासाठी हा पेपरातला विषय नव्हता, कुणाचा भाऊ गेला होता, कुणाचं घर. त्यांनी ‘कसाई’ लिहिलेले फलक धरले ते शंभर टक्के बरोबर केलं असं माझं मत आधीही होतं, आजही आहे.

पण तुम्ही म्हणताय तसं रस्त्यावर फक्त तेच नव्हते ना. १५ सप्टेंबरला तो अँड्र्यूज विमानतळावर उतरला, ते टीयू-११४ विमान इतकं उंच की अमेरिकनांकडे तेवढी शिडीच नव्हती, शेवटी पाहुणेमंडळी कशीबशी उतरली आणि ह्याला त्याचाच केवढा अभिमान. त्याच सुमारास रशियाचं यान चंद्रावर आदळलेलं, त्यामुळे स्वारी तशीच फुगलेली. मग अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांच्याबरोबर उघड्या गाडीतून शहरात मिरवणूक, दोन्ही बाजूला तुडुंब गर्दी, आणि ती गर्दी जवळपास गप्प. टाळ्या तुरळक, आरोळ्या तुरळक, लोक नुसते बघतायत. आता हा माणूस चार वर्षं आधी आपल्याकडे येऊन गेलेला, नोव्हेंबर १९५५, तेव्हा कलकत्त्यात गर्दीने असा गराडा घातला की तेव्हाचा सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह ह्या जोडीला गाडीतून काढून पोलिसांच्या बंद व्हॅनमधून न्यावं लागलं होतं. (मुंबईतही आले होते दोघं, आणि त्याच महिन्यात फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्रवाल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. पाहुण्यांच्या हारतुऱ्यांत आपलं काय काय झाकलं जातं हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय आहे.) तर ज्याने कलकत्ता बघितलंय त्याला वॉशिंग्टनची ती शांतता कळली नसेल असं मला वाटत नाही. तुम्ही त्याला स्वागत म्हणताय. मी नाही म्हणत. बघायला आले म्हणजे पायघड्या घातल्या असं होत नाही.

आता लॉस एंजेलिसच्या त्या बाईची गोष्ट, जी तुमच्या मते मी ‘गुंडाळली’. काळे कपडे, हातात काळा झेंडा आणि ख्रुश्चेव्हला, हंगेरीच्या कसायाला, मृत्यू असो अशा अर्थाचा फलक. गाडीतून जाताना त्याने ती बघितली आणि भडकला, दौऱ्यात बरोबर असलेल्या हेन्री कॅबट लॉज ह्या अमेरिकन राजदूताला म्हणाला, आयझेनहॉवरला माझा अपमानच करायचा होता तर बोलावलं कशाला? लॉजला काही कळेना, अहो तिला आयझेनहॉवरने उभं केलंय असं तुम्हाला वाटतंय? तर ह्याचं उत्तर असं की आमच्याकडे मी हुकूम दिल्याशिवाय ती तिथे उभी राहिलीच नसती. मला अख्ख्या दौऱ्यातला हा सगळ्यात भारी प्रसंग वाटतो. एका बाईने काही न बोलता नुसतं उभं राहून त्या माणसाच्या तोंडून त्याच्या राज्याची सगळी कुंडली काढून घेतली. आणि जाता जाता, आपल्याकडेसुद्धा हल्ली कुणी झेंडा दाखवला की पहिला प्रश्न ‘ह्यांना कोणी पाठवलं, किती मिळाले’ हाच असतो, ते तुमच्या कमेंटखालच्या दोन-तीन जणांनी लगेच दाखवून दिलंच आहे.

मग महापौर. नॉरिस पोल्सन. इथे मी ठाम आहे, आगाऊपणाच होता तो. १९ सप्टेंबरचा दिवस आधीच बिघडलेला. दुपारी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या स्टुडिओत जेवण, मेरिलिन मन्रो, फ्रँक सिनात्रा सगळे हजर (रोनाल्ड रेगनने मात्र आमंत्रण नाकारलं होतं, आणि तेव्हाचा नट असलेला हाच रेगन पुढे राष्ट्राध्यक्ष म्हणून १९८८ मध्ये मॉस्कोच्या लाल चौकात गोर्बाचेव्हबरोबर हसत फिरला), तिथे ख्रुश्चेव्हला कळलं की सुरक्षेच्या कारणाने डिस्नेलँड कॅन्सल, तर तो भर भाषणात विचारतो काय, तिथे काय रॉकेट ठेवलीयत का, कॉलरा आलाय का, का गुंडांनी ताबा घेतलाय? स्टुडिओचा अध्यक्ष स्कुरास स्वतःचं कौतुक सांगत होता की मी ग्रीसमधून आलेला गरीब पोरगा, बघा कुठे पोचलो, त्याला ह्याने तिथल्या तिथे ऐकवलं की मी चालायला लागलो तसा कामाला लागलो, मेंढ्या राखल्या, कारखान्यात राबलो, आणि आज पंतप्रधान आहे. हॉल हसला, टाळ्या ह्याला.

अशा माणसासमोर रात्री महापौर उठतो आणि तीन वर्षं जुनं वाक्य काढतो, तुम्ही आम्हाला गाडू शकणार नाही, वेळ आली तर आम्ही मरेपर्यंत लढू. ते ‘आम्ही तुम्हाला गाडू’ ख्रुश्चेव्ह नोव्हेंबर १९५६ मध्ये मॉस्कोतल्या एका पार्टीत पाश्चात्त्य राजदूतांना बोलला होता, आणि वॉशिंग्टनच्या प्रेस क्लबमध्ये तीनच दिवस आधी त्याने त्यावर सारवासारव केलेली होती, की मला इतिहासाची चाल म्हणायची होती, खड्डे खणायचे नव्हते. म्हणजे महापौराने त्याला तयार उत्तराचा प्रश्न दिला. ह्याने विचारलं, तुमच्याकडचे महापौर पेपर वाचत नाहीत का? आमच्याकडे असा माणूस परत निवडून येत नाही. लोक हसले, महापौराला. आणि मग ख्रुश्चेव्ह मानपान न झालेल्या व्याह्यासारखा रुसून बसला की नको असेन तर मी निघतो, विमान तयार आहे. दुसऱ्या दिवशी अख्खी अमेरिका हंगेरी विसरून महापौरावर टीका करत होती. सांगा, हंगेरीच्या लोकांचा काय फायदा झाला ह्यात?

तेच प्रेस क्लबचं बघा. तिथे पत्रकारांनी भाषण ठोकलं नाही, प्रश्न विचारले. स्टॅलिनच्या काळात तुम्ही काय करत होतात ह्या धर्तीचा प्रश्न आला तर हा लाल झाला आणि उत्तर टाळलं. हंगेरीचं विचारलं तर म्हणाला, हा प्रश्न काही लोकांच्या घशात मेलेल्या उंदरासारखा अडकलाय, गिळवतही नाही आणि थुंकवतही नाही. अडीच हजार मेलेल्या माणसांच्या विषयात मेलेला उंदीर! जगभरचे पत्रकार लिहून घेतायत. आता तुम्हीच ठरवा त्याला जास्त उघडं कोणी पाडलं, महापौराने का पत्रकारांनी.

कामगार संघटनांतही असेच दोन तट होते. अमेरिकेच्या कामगार महासंघाचा अध्यक्ष जॉर्ज मीनीने सांगितलं आम्ही ह्या माणसाला बोलावणार नाही, विषय संपला. मोटार कामगारांचा नेता वॉल्टर रॉयथर आणि आणखी काही पुढारी मात्र सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्याबरोबर जेवायला बसले आणि कामगारांच्या हक्कांवरून असे भिडले की ख्रुश्चेव्ह उठून, हॉलिवूडमध्ये बघितलेल्या कॅन-कॅन नाचाची नक्कल करून दाखवायला लागला. मला मीनीचं चुकलं असं म्हणायचं नाहीये, न बोलावणं हीसुद्धा एक प्रतिक्रियाच आहे आणि प्रामाणिक आहे. पण कामगारांचं राज्य म्हणवणाऱ्याला कामगार पुढाऱ्यांनीच घाम फोडला हे जास्त मजेशीर.

तुम्ही म्हणाल एका उदाहरणावरून काय सिद्ध होतं. बरं, दुसरं घ्या. २४ सप्टेंबर २००७, इराणचे अहमदीनेजाद न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. बाहेर निदर्शनं, फलक, घोषणा, सगळं रीतसर. आत विद्यापीठाचे अध्यक्ष ली बोलिंजर स्वागताच्या भाषणातच त्यांना क्षुद्र आणि क्रूर हुकूमशहा म्हणाले. अहमदीनेजाद शांतपणे म्हणाले की आमच्याकडे पाहुण्याला बोलावलं की श्रोत्यांना स्वतःचं मत बनवू देतात, आणि टाळ्या मिळाल्या. न्यूयॉर्कमध्ये! पुढे इराणमधल्या काही कुलगुरूंनी बोलिंजरना निषेधाचं पत्रही धाडलं, म्हणजे जे लोक एरवी राष्ट्राध्यक्षाच्या मागे उभे राहिले असतेच असं नाही तेही राहिले. आणि मग प्रश्नोत्तरात समलिंगी लोकांना फाशी देण्याबद्दल विचारलं तर म्हणाले आमच्या देशात तुमच्यासारखे समलिंगी नाहीतच. हॉल आधी हसला, मग हुर्यो. यजमानाच्या अख्ख्या भाषणाने जे झालं नाही ते एका साध्या प्रश्नाने झालं.

आणि उलटं टोक हवं असेल तर कराकास, मे १९५८. अमेरिकेने व्हेनेझुएलाच्या पेरेझ हिमेनेझ ह्या हुकूमशहाला आधी मानाचं पदक दिलेलं आणि तो पळाल्यावर आसराही दिलेला, लोकांचा राग अगदी रास्त होता. उपाध्यक्ष निक्सन आला तर विमानतळावर लोक थुंकले, गाडीवर दगडं घातली, काचा फुटल्या, जीव जाता जाता वाचला. परिणाम काय? निक्सन वॉशिंग्टनला परतला तो हिरो होऊन, विमानतळावर खुद्द आयझेनहॉवर घ्यायला. त्या पदकाबद्दल विचारायला कुणाला सवडच राहिली नाही.

आपल्या जवळचं म्हणाल तर फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले तेव्हा जमाते इस्लामीवाल्यांनी राडा केला, मेजवानीला निघालेल्या राजदूतांच्या गाड्यांवर दगड पडले. ते दगड वाजपेयींना लागले नाहीत, नवाझ शरीफांच्या अब्रूला लागले. आणि इकडे आपण त्याच वर्षीच्या जानेवारीत काय करत होतो, तर पाकिस्तानी टीम येणार म्हणून दिल्लीत कोटलाची खेळपट्टी उखडत होतो आणि मुंबईत क्रिकेट बोर्डाच्या ऑफिसात तोडफोड. त्याच महिन्यात चेन्नईच्या प्रेक्षकांनी भारत हरल्यावर उभं राहून पाकिस्तानी टीमला टाळ्या दिल्या. ह्यातलं कुठलं दृश्य समोरच्याला जास्त अडचणीचं असतं ते बघा. पुढे कारगिल झालं हे मलाही माहितीय, ते सांगायला कमेंट करू नका.

यू-२ बद्दल. १ मे १९६० ला विमान पाडलं, पॅरिसची शिखर परिषद मोडली, सगळं खरं. पण दौरा फुकट कसा? नोव्हेंबर १९५८ मध्ये ख्रुश्चेव्हने पाश्चात्त्य फौजांनी पश्चिम बर्लिन सोडावं म्हणून सहा महिन्यांची मुदत देऊन टाकली होती, दौऱ्याच्या शेवटी कॅम्प डेव्हिडला आयझेनहॉवरबरोबरच्या बोलण्यांत ती मुदतीची भाषा त्याने मागे घेतली. बर्लिनचा प्रश्न सुटला नाही, पण डोक्यावरचं घड्याळ थांबलं. शिवाय विमान हेरगिरीला पाठवलं होतं सरकारने, कॅलिफोर्नियात सॅन लुइस ओबिस्पो स्टेशनवर हात मिळवायला आलेल्या लोकांनी नव्हे. आणि आयोवात रॉसवेल गार्स्टच्या शेतावर झाली ती मैत्री वगैरे नव्हतीच, गार्स्टला मक्याचं बियाणं विकायचं होतं, ह्याला मका हवा होता, चोख व्यवहार. (पत्रकारांची गर्दी इतकी की वैतागून गार्स्टने त्यांच्यावर गुरांचा मुरघास फेकून मारला. ही गंमत मी परत सांगणारच, तुम्हाला राग आला तरी.)

राहिला शेवटचा प्रश्न, मी असतो तर काय केलं असतं. वॉशिंग्टनच्या रस्त्यावर असतो तर बघायला नक्की गेलो असतो आणि टाळी वाजवली नसती. हंगेरियन असतो तर त्या बाईच्या शेजारी उभा राहिलो असतो. महापौर असतो तर दोन वाक्यांत स्वागत करून खाली बसलो असतो आणि हंगेरीतून आलेल्या एखाद्या कुटुंबाला पुढच्या टेबलावर जागा दिली असती. आणि १९६० च्या सप्टेंबरात तो बाल्टिका बोटीने परत न्यूयॉर्कला आला तेव्हा गोदी कामगारांनी त्याच्या बोटीला हात लावायला नकार दिला, दोर कोण बांधणार इथपासून पंचाईत, तिथे कामगार असतो तर मीही हात खिशात घालून उभा राहिलो असतो. ते तुमच्या पहिल्या मुद्द्यात बसतं, आणि तो मुद्दा मला मान्य आहे हे वर लिहिलंच आहे. महापौरावरून मात्र आपलं भांडण चालू राहू दे.