खिशातलं बिऱ्हाड

माझ्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कने जाण्याआधी दोन दिवस टक टक असा आवाज करून रीतसर नोटीस दिली होती. मला वाटलं पाल चुकचुकतेय. तिसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. दुरुस्तीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी लॅपटॉप परत पिशवीत घातला आणि भाच्याला फोन लावला.

"डिस्क हवीय कशाला, मामा? विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालव. काम झालं की काढून खिशात टाक."

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, माझं खिशात असणार होतं. कल्पना आवडली. क्लाउस क्नॉपर नावाच्या जर्मन माणसाने 2000 साली नुसत्या सीडीवरून चालणारं क्नॉपिक्स नावाचं लिनक्स काढलं होतं, असंही भाच्याने ऐकवलं. इतकी जुनी गोष्ट मला झेपायला हरकत नव्हती.

घरात 16 जीबीचा एकच पेन ड्राइव्ह होता. भाच्याच्या मशीनवर त्यात लिनक्स चढवणाऱ्या रूफस नावाच्या प्रोग्रॅमने विचारलं, यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल? चालेल, म्हटलं. त्यात चिरंजीवांच्या मुंजीचा व्हिडिओ होता, हे बायकोने रात्री जेवताना सांगितलं. त्यानंतरचं जेवण शांततेत झालं.

खरा तमाशा पुढेच. 'डिस्ककडे नको, पेन ड्राइव्हकडे बघ' हे लॅपटॉपला सांगायचं, तर कंपनीचा लोगो उमटून मावळायच्या आत एक बटण दाबावं लागतं. कोणतं, ते कंपनीगणिक बदलतं. कुठे एफ 12, कुठे एफ 9, कुठे एस्केप. पहिल्यांदा मला उशीर झाला, दुसऱ्यांदा घाई. सातव्या खेपेला मी वरची अख्खी रांग पेटीवर सपाट तान घ्यावी तशी दोन्ही हातांनी वाजवली आणि मेन्यू उघडला. कोणत्या बटणाने, ते अजून कळलेलं नाही. म्हणून रोज सकाळी आमच्याकडे तीच तान होते.

मग चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत ठिपके फिरतात आणि उबुंटू, म्हणजे माझं लिनक्स, उघडतं. एकदा उघडलं की झकास चालतं. फक्त बंद केलं की सगळं विसरतं. आदल्या दिवशी वाय-फायचा पासवर्ड दिला होता, मराठी कीबोर्ड लावला होता, सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त टाइप करून डेस्कटॉपवर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी बघतो तर पाटी कोरी. लिहिलं होतं ते रॅमवर, आणि मशीन बंद झालं की रॅम रिकामी. तीन तास भांडून मंजूर झालेला पार्किंगचा ठराव त्यात गेला. नेमकं काय ठरलं होतं, ते आता सहा सभासद सहा तऱ्हांनी सांगतात आणि सेक्रेटरी म्हणून मी सहाही वेळा मान डोलावतो.

भाचा म्हणाला, "पर्सिस्टन्स घालायला हवा होता." म्हणजे चिकाटी. जी माझ्यात चार मास्तरांना घालता आली नाही, ती त्याने पेन ड्राइव्हमध्ये अर्ध्या तासात घातली.

आता विसरणं थांबलं, पण पेन ड्राइव्ह बाहेर डोकावतोच. एकदा केर काढताना झाडूचा फटका बसून तो खाटेखाली गेला. मी बघतोय तर पडदा तसाच! बाण फिरतोय, उघडी खिडकी खाली-वर होतेय. मुरारबाजीचं शिर उडाल्यावरही धड लढत राहिलं म्हणतात, तसं. मग मी नवीन काहीतरी उघडायला गेलो आणि धड कोसळलं.

तरी हिंमत करून बिऱ्हाड सांगलीला सासुरवाडीला नेलं. अण्णांचा कॉम्प्युटर विंडोजवाला. भाच्याने बजावलं होतं, "मामा, डेस्कटॉपवरच्या त्या इन्स्टॉलच्या चित्राला हात लावू नकोस, नाहीतर आजोबांची डिस्क पुसली जाईल." मी दोन दिवस त्या चित्रापासून बाण हातभर लांब ठेवला. अण्णांची एकही फाइल उघडली नाही. इतका सभ्य जावई सांगलीने पाहिला नसेल.

पुण्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अण्णांचा फोन.

"जावईबापू, बाहेर कडक ऊन पडलंय आणि आमच्या कॉम्प्युटरमध्ये अजून पहाटेचे साडेचार वाजलेत."

भाच्याला विचारलं. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच इथली समजून वाचतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा. मी हे सगळं अण्णांना नीट समजावून सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता.

"म्हणजे खिशातून विलायत आणलीत आणि आमच्याकडे विसरून गेलात."

"सेटिंगमध्ये जाऊन वेळ दुरुस्त करता येते, अण्णा."

"ते करतो. पण मागच्या बाजूला हे काळं काहीतरी खुपसलेलं दिसतंय, ते कुणाचं?"

मी खिसा चाचपला.