लिन-२८ हा 'कॅन्सरचा मेन स्विच' नाही, आणि पावडरने तो बंदही होत नाही

'शास्त्रज्ञांना कॅन्सरचा मेन स्विच सापडला!' हा फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. आत्याची केमो चालू असताना तो तिच्या फोनवर येऊन पडला आणि "मग मी हे सगळं कशाला सोसतेय?" असं तिने विचारलं, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: लिन-२८ नावाचं प्रथिन स्टेम सेलमध्ये (जिच्यापासून इतर पेशी बनतात अशा मूळ पेशीत) असतं आणि तेच कॅन्सरमध्येही असतं, म्हणून कॅन्सर ही फक्त जागी झालेली स्टेम सेल. डीएनएचा यात संबंध नाही. लिन-२८ला लेट-७ नावाचा आरएनए (डीएनएसारखाच अक्षरांच्या साखळीचा रेणू) हटवतो, तो पावडरीतून घ्या, गाठ आपोआप निरोगी होईल, केमो बंद करा. कंपन्यांनी हे दडवून ठेवलंय.

पावडरीपासूनच सुरुवात करते, कारण कुणाचा जीव जायचा असेल तर तो याच ओळीने जाईल. लेट-७ हा जेमतेम २२ अक्षरांचा आरएनए. तो गिळला की स्वादुपिंडातून येणारी विकरं (एन्झाइम) आतड्यात त्याचे बारीक तुकडे करून टाकतात. ते तुकडे लेट-७चे होते की यीस्टच्या आरएनएचे, याच्याशी शरीराला काही देणंघेणं नसतं. लेट-७चं काम चालतं पेशीच्या आत, आर्गोनॉट या प्रथिनाच्या पकडीत. तिथवर एखादा छोटा आरएनए न्यायचा तर काय करावं लागतं? या जातीचं पहिलं औषध, पॅटिसिरान, २०१८ मध्ये मंजूर झालं. त्याचा रेणू रासायनिक बदल करून टिकाऊ बनवावा लागला, मेदाच्या सूक्ष्म कणात गुंडाळावा लागला आणि शिरेतून द्यावा लागला. एवढं करूनही तो पोचतो मुख्यतः यकृतात, म्हणून आजारही यकृतात बनणाऱ्या प्रथिनाचाच निवडला होता. आणि इथे म्हणे चमचाभर पावडर पाण्यात ढवळून प्यायची!

शिवाय लिन-२८ आणि लेट-७ यांचं नातं उलटंही आहे, ते फॉरवर्डवाल्याने गाळलंय. लेट-७ पेशीत तयार होताना आधी केसाच्या पिनेसारखा दुमडलेला असतो. लिन-२८ नेमकं त्या दुमडीला चिकटतं आणि टीयूटी४ या विकराला बोलावून घेतं. ते विकर टोकाला युरिडीनची (आरएनएच्या एका अक्षराची) शेपटी लावतं, आणि शेपटी दिसली की डीआयएस३एल२ हे दुसरं विकर अख्खा रेणू कुरतडून संपवतं. म्हणजे लिन-२८ भरपूर असलेल्या पेशीत लेट-७ तयार होण्याआधीच मारला जातो.

केमोच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर हिशेबाने ठरवलेलं असतं: निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळावा, पण गाठीला फार मिळू नये. पावडरीच्या नादात फेरी चुकवली तर तो जास्तीचा वेळ गाठीच्या पदरात पडतो.

आता जे खरं आहे ते नाइलाजाने मान्य करते. लिन-२८ स्टेम सेलमध्ये असतं, यात वाद नाही. २००७ मध्ये जेम्स थॉमसन यांच्या प्रयोगशाळेने माणसाच्या साध्या पेशी स्टेम सेलसारख्या करून दाखवल्या, तेव्हा वापरलेल्या चार घटकांत लिन-२८ होतं. लेट-७ हा रास आणि मिक या वाढीला चालना देणाऱ्या जनुकांना आवर घालतो, त्यामुळे तो गेला की पेशी बेताल वाढू शकते, हेही खरं. पण लिन-२८ आणि त्याचं भावंड लिन-२८बी यांचं प्रमाण किती गाठींत वाढलेलं असतं? २००९ च्या मोठ्या तपासणीत हा आकडा सुमारे १५ टक्के निघाला. उरलेल्या ८५ टक्क्यांचा स्विच कुठेय मग?

लिन-२८ हे आरएनएला चिकटणाऱ्या अनेक प्रथिनांपैकी एक, आणि 'मेन स्विच' ही कल्पनाच या क्षेत्रात बसत नाही. २०१४ मध्ये आरएनएचे संशोधक थॉमस टुशल यांच्या गटाने माणसातल्या आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांची मोजदाद केली, ती भरली १,५४२. आपल्या प्रथिन बनवणाऱ्या जनुकांपैकी साधारण ७.५ टक्के! जनुकावरून एमआरएनए (प्रथिन कसं बनवायचं याचा निरोप नेणारा आरएनए) उतरला म्हणजे प्रथिन झालंच, असं नसतं. तो कसा कापला-जोडला जाईल, किती टिकेल, वाचला जाईल की नाही, हे ही मंडळी ठरवतात. हूआर हे प्रथिन अनेक एमआरएनएंना नष्ट होण्यापासून वाचवतं. मुसाशी हे नम्ब नावाच्या प्रथिनाचा एमआरएनए वाचू देत नाही. चेतापेशींच्या स्टेम सेलना स्टेम सेल राहायला याची मदत होते, आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर शेवटच्या, आक्रमक टप्प्यात जातो तेव्हा त्याचंच भावंड मुसाशी-२ रोगाच्या बाजूने उभं असतं. बरं, चिकटणारं प्रत्येक प्रथिन खलनायकही नाही. वर आलेलं डीआयएस३एल२ जन्मतः बिघडलेलं असेल तर पर्लमन सिंड्रोम होतो, आणि त्या मुलांना मूत्रपिंडाच्या विल्म्स गाठीचा मोठा धोका असतो. यातलं काय 'बंद' करायचं ते फॉरवर्डवाल्याने सांगावं.

'डीएनएचा संबंध नाही' यावर फार शब्द खर्चत नाही. एसएफ३बी१, एसआरएसएफ२, यू२एएफ१ ही आरएनए कापण्या-जोडण्याच्या यंत्रणेतली प्रथिनं. मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमच्या (रक्तपेशी नीट न बनण्याच्या, कॅन्सरच्या गटातल्या आजाराच्या) अनेक रुग्णांत यांच्याच जनुकांत बदल सापडतात, हे २०११ पासून माहीत आहे. ते बदल डीएनएतच असतात.

गाठ 'आपोआप निरोगी' होण्याबद्दल: एका प्रकारच्या ल्युकेमियात कॅन्सरपेशींना प्रौढ व्हायला भाग पाडणारं औषध खरोखर आहे, ट्रेटिनॉइन. पण तिथे बिघाड वेगळा आहे, त्याचा लिन-२८शी संबंध नाही, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आर्सेनिक किंवा केमोच्या जोडीने देतात. लिन-२८ काढून घेतल्याने डीएनएतले बदल पुसले जात नाहीत.

राहिलं दडवादडवीचं. लिन-२८ लेट-७ला अडवतं, हे २००८ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलं. ज्या लहान आरएनएंच्या जातीतला लेट-७ आहे, त्यांच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं, अ‍ॅम्ब्रोस आणि रव्हकुन यांना. कंपन्याही मागे नाहीत. इंडिसुलाम हे औषध आरबीएम३९ या आरएनएला चिकटणाऱ्या प्रथिनाचा पेशीतच निकाल लावतं, हे २०१७ मध्ये कळलं. त्याच्या चाचण्या तर कितीतरी आधीच, ते नेमकं काय करतं हे कळण्यापूर्वीच झाल्या होत्या, आणि त्यांत बहुतेक रुग्णांना फारसा फायदा झाला नव्हता. हेही छापून आलेलं आहे, अपयशासकट.