तात्यांचं पोतं

आज सकाळी तात्यांनी मला पुन्हा जिन्यात गाठलं. मी उतरत होतो, ते चढत होते, आणि कठड्यावरून उडी मारल्याशिवाय सुटका नव्हती.

"पोतं वाळलं का रे?"

नाही वाळलं. तागाचं जाड पोतं एकदा भिजलं की किती दिवस ओलं राहतं, यातला मी आता जाणकार झालोय. मोबाइलची रेंज नसेल तिथून उपग्रहामार्फत निरोप धाडणारं यंत्र भाड्याने आणलेला, टायरची हवा मोजायचं स्वतःचं मीटर बाळगणारा मी. माझ्या गॅलरीत चार दिवस एक पोतं टांगलंय, आणि त्याचं पाणी खालच्यांच्या तुळशीत ठिबकतंय. त्यांचंही बोलून झालंय.

झालं ते एवढंच, की आम्ही पाच मित्रांनी दोन गाड्या घेऊन शनिवार-रविवार वाळवंटातल्या डोंगरांत जायचं ठरवलं. डांबर संपलं की पुढे दगडधोंड्यांतून वर चढायचं, रात्री तंबू ठोकायचा, तारे बघायचे. ठरवलं सगळ्यांनी, तयारी माझ्या गळ्यात पडली. कारण कधीकाळी एका सहलीचा हिशेब मी एक्सेलमध्ये मांडला होता. तेव्हापासून मी 'त्याला हे सगळं आवडतं' या गटात आहे. मला आवडत नाही. कुणीतरी करायला लागतं म्हणून मी करतो, आणि मी करतो म्हणून दुसरं कुणी करत नाही.

ग्रुपवर पहिल्याच रात्री शंभरावर मेसेज पडले. जवळजवळ सगळे कोळशावर काय भाजायचं याबद्दल. पाण्याबद्दल एक होता, तो माझा. माणशी दिवसाला चार लिटर, पाच जण, दोन दिवस, म्हणजे चाळीस. गाडी अडकली तर एक दिवस जादा धरायचा, म्हणजे साठ. साठ लिटर म्हणजे साठ किलो, ते कुठल्या गाडीत जाणार ते आत्ताच ठरवू या, असं मी लिहिलं. उत्तर आलं, "वाटेत घेऊ की." वाळवंटात. वाटेत. पाणी. आणि या वाक्याला दोघांनी अंगठे दाखवले होते.

दुसरा म्हणाला, गरम कपडे कशाला, वाळवंट आहे ना? मी समजावलं की हवा कोरडी आणि आभाळ मोकळं असलं की दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर सोडून देते, शिवाय आपण डोंगरात असणार, हजार मीटर चढलो की साधारण साडेसहा अंश उतरतात. त्याने गॉगल घातलेला पिवळा चेहरा पाठवला. तिसऱ्याने तर तंबूची जागासुद्धा नकाशावर शोधून ठेवली होती: सपाट, मऊ वाळू, दोन्ही बाजूंनी कडे, वारा नाही. जागा खरोखर सुंदर होती. ते कोरड्या नदीचं पात्र होतं. तिथे पाऊस पडावा लागत नाही. वर कुठेतरी वीस-तीस किलोमीटरवर पडला तरी पुरतो. आपल्या डोक्यावर चांदणं असताना लोंढा येतो. हे लिहिल्यावर ग्रुपवर माझं नाव 'हवामान खातं' पडलं.

असो. गेल्या रविवारी सकाळी मी ठरवलं की निदान आपल्या गाडीची तरी रंगीत तालीम करू. इमारतीच्या दुरुस्तीसाठी मागच्या मोकळ्या जागेत वाळू येऊन पडलेली होती. पोरांनी खेळून खेळून ढिगाचं पठार केलेलं. ताडपत्री अंथरून मी सगळं सामान मांडलं: फावडं, गाडी ओढायचा पट्टा, हवा भरायचा कॉम्प्रेसर, जॅक, जॅक वाळूत खचू नये म्हणून त्याखाली ठेवायची लाकडी फळी, पाण्याचे कॅन, आणि चाक रुतलं की चाकाखाली सरकवायच्या दोन खास खाचेदार फळ्या. कडक प्लॅस्टिकच्या, भगव्या. माझा जीव त्या फळ्यांत होता.

तेवढ्यात तात्या आले.

तात्या दुसऱ्या मजल्यावरचे. मराठीचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीची बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही.

"घर सोडतोयस?"

"नाही तात्या, सहल आहे. ऑफ-रोडिंग."

"मराठीत सांग."

"म्हणजे... रस्ता सोडून गाडी चालवायची."

"रस्ता सोडून." त्यांनी ताडपत्रीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. "आणि ही सगळी तयारी चुकायची?"

हे मला लागलं. कारण खरं तर रस्ता सोडायचाच नसतो. डांबर सोडायचं, पण आधीच्या गाड्यांची चाकोरी सोडायची नाही. वाळवंटातली जमीन मेलेली दिसते, पण तिच्यावर सूक्ष्म जिवांनी धरलेली एक खपली असते, आणि ती एकदा मोडली की भरून यायला दशकं जातात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४४ या काळात, अमेरिकन सैन्याने मोहावीच्या वाळवंटात रणगाड्यांचा सराव केला. त्यांच्या पट्ट्यांच्या खुणा काही ठिकाणी अजून दिसतात. हे मी ग्रुपवरही लिहिलं होतं, कारण 'वाट नसेल तिथूनच मजा' असं एकाचं म्हणणं होतं. हा तोच, पाणी वाटेत घेणारा. पाण्याला वाट लागते, मजेला लागत नाही.

पण तात्यांना मी रणगाडे सांगितले नाहीत. नुसतं म्हणालो, "वाळवंटातल्या डोंगरांत चाललोय."

"वाळवंटात डोंगर नसतो."

"असतो, तात्या."

"शब्दात काय आहे? वाळू. नदीकाठी पसरलेली असते ती. त्यात डोंगर कुठून आला?"

इथे मी "बरं" म्हणून गप्प बसायला हवं होतं. बायको नंतर हेच म्हणाली. पण मी म्हणालो, "तात्या, वर्षाला २५० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो तो प्रदेश म्हणजे वाळवंट. त्यात वाळू जेमतेम एक पंचमांश. बाकी खडक, खडी, डोंगर. जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट तर अंटार्क्टिका आहे."

"तिथे बर्फ आहे."

"हो, पण पाऊस नाही ना."

"म्हणजे वाळूचा कण नाही त्याला वाळवंट म्हणायचं. आणि ही एवढी वाळू समोर पडली आहे, हिला?"

"हा ढीग आहे."

"उद्या समुद्राला ओलं माळरान म्हणशील."

एवढं बोलून त्यांना दम लागला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पाण्याचे दोन कॅन पायाने जवळ ओढले, त्यांवर माझ्या दोन्ही भगव्या फळ्या आडव्या टाकल्या आणि बैठक मारली. तात्यांचे गुडघे दुखतात. एकदा बसले की ते मनात येईल तेव्हाच उठतात.

मी टायरपाशी बसून झडपेचं टोपण काढलं.

"हवा बघतोस?"

"सोडतोय. चौतीसवरून अठरावर आणायची."

"हवा भरतात. सोडतात कुठे?"

"वाळूत कमी लागते, तात्या. टायर बसका झाला की जमिनीला लांबवर टेकतो, वजन पसरतं, चाक रुतत नाही. डांबरावर यायच्या आधी परत भरायची, म्हणून तो कॉम्प्रेसर."

"उंटाचा पाय," तात्या म्हणाले.

मी थांबलो. अगदी बरोबर होतं. उंटाचं पाऊल वजन पडलं की पसरतं. मी जे चार वाक्यांत सांगितलं ते त्यांनी दोन शब्दांत उरकलं होतं, आणि वर माझ्याकडे असं बघत होते की जणू निबंधात मी शब्दमर्यादा ओलांडली. माझा तोल तिथे गेला. टोपण परत लावलं. म्हटलं, एवढ्याशा ढिगाला काय हवा सोडायची, बघाच तुम्ही. गाडी चालू केली आणि थेट वाळूत घातली.

पुढची चाकं आरामात गेली. मागची शिरली आणि फिरायला लागली. अशा वेळी पाय उचलायचा असतो. फिरणारं चाक पुढे नेत नाही, खाली नेतं. हे मी ग्रुपवर मुद्दा क्रमांक नऊ म्हणून लिहिलेलं आहे. मी पाय दाबला. गाडीने एक उसासा टाकला आणि पोट वाळूवर टेकून बसली. मागे तात्या ओरडत होते, "थांब, थांब! जोर लाव!" दोन्ही एकाच श्वासात.

मी उतरलो. "तात्या, जरा उठता का? फळ्या हव्यात."

"कशाला?"

"चाकाखाली घालायला."

"नव्याकोऱ्या वस्तू मातीत घालतोस?"

"त्याच कामाच्या आहेत त्या."

"मला तर कपडे घासायच्या वाटल्या," असं म्हणून ते आणखी मागे रेलले.

माणूस हात धरून उठवता येतो. सत्तरी ओलांडलेला शिक्षक उठवता येत नाही. मी फावड्याने चाकं मोकळी करायला लागलो, तोवर गॅलऱ्या भरल्या होत्या. दुसऱ्या गाडीने ओढू, असं कुणी म्हणालं. पट्टा बंपरला बांधा, नाहीतर मागे तो गोळा आहे त्याला अडकवा. त्यावर मी फावडं रोवून उभा राहिलो आणि मोठ्याने सांगितलं की ट्रेलरच्या गोळ्याला पट्टा कधीही लावायचा नसतो, ताणाखाली गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो, माणसं मेली आहेत त्याने. प्रत्येक शब्द खरा होता. चौथ्या मजल्यावरून त्याचा व्हिडिओ काढला गेला. त्यात मी सुरक्षिततेवर भाषण करतोय आणि माझ्या मागे माझी गाडी अंडी उबवायला बसली आहे.

"पोतं आणा रे," तात्या पोरांना म्हणाले.

पोरांनी तात्यांच्या दारातलं पोतं आणलं. त्यावर त्यांची मांजर झोपते. मांजरही मागोमाग आली.

"गोणपाटाने काय होणार, तात्या?"

"उसवून पसरलं की गोणपाट. हे शिवलेलं आहे. पोतं."

पोतं मागच्या एका चाकाखाली खुपसलं. मी गाडीत बसलो. आणि इथे जे घडलं ते मी ग्रुपवर सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा असतो, गाडी दोन चाकांवर ओढायची की चारांवर ते ठरवणारा. तो दोनावर होता. ज्या चार चाकांच्या जोरावर ही सगळी सहल, त्यातली दोन मी कामालाच लावली नव्हती. मी खोकल्यासारखं केलं, वाकलो, दांडा चारावर टाकला, हलकेच क्लच सोडला. गाडी लोण्यातून सुरी यावी तशी बाहेर आली.

टाळ्या पडल्या. पोत्याला.

माझी अडचण तुमच्या लक्षात येईल. गाडी पोत्याने निघाली नाही, हे मला शंभर टक्के माहीत आहे. पण ते सांगायचं तर दांडा कुठे होता तेही सांगावं लागतं. तेव्हा मी गप्प आहे, आणि गेले चार दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला तात्या सांगतायत, "एवढी यंत्रं मांडली होती, शेवटी पोतं कामाला आलं." ग्रुपवर व्हिडिओ पोचला आहेच. माझ्या सामानाच्या यादीत कुणीतरी सगळ्यात वर 'पोतं' घातलंय, ठळक अक्षरांत. साठ लिटर पाण्याची ओळ त्याच यादीतून नाहीशी झाली आहे. ती कुणी काढली ते कुणी सांगत नाही. मी आज तिसऱ्यांदा परत लिहिली.

चाकाखालून निघालेलं पोतं चिखलाने आणि तेलाने बरबटलेलं होतं. "धुऊन दे," तात्या म्हणाले, वही परत देताना म्हणायचे तसं. ते बादलीत मावेना, मशीनमध्ये घालायला बायको देईना. शेवटी मी न्हाणीघरात एक भगवी फळी उभी केली आणि तिच्या खाचांवर घासलं. सांगायला हरकत नाही, काम चोख होतं.

दुपारी पोतं एकदाचं वाळलं. घडी घालून वर नेऊन दिलं. तात्यांनी दारात पसरलं, मांजर आली, वास घेतला आणि शेपटी वर करून निघून गेली.

"साबण कुठला वापरलास?" तात्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं.

"ती आता यावर बसायची नाही," ते म्हणाले. "दुसरं बघ. शिवलेलं आण, गोणपाट नको."