गुडघ्यावरची हातोडी बिल वाढवायला नसते

गरोदर बाईवर मारलेला ‘हाय रिस्क’ हा शिक्का म्हणजे घाबरवून पैसे काढायचा धंदा, असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. फिरेना का, म्हणून सोडून दिलं असतं. पण तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. तिला आठवा महिना लागलाय, बीपी १५०/१०० आणि ती मला विचारतेय, ‘मावशी, ॲडमिट व्हायलाच हवं का गं?’ मी प्रसूती वॉर्डात सिस्टर आहे. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते, जरा चिडूनच.

मेसेजचा पहिला मुद्दा: गरोदरपणात पाय सुजतातच, बीपी वाढतंच. पायांचं म्हणाल तर खरं आहे. सूज पुष्कळ जणींना येते आणि नुसत्या सुजेवरून आता कुणी निदानही करत नाही. बीपीचं मात्र साफ खोटं. मधल्या महिन्यांत ते उलट थोडं उतरतं. विसाव्या आठवड्यानंतर पुन्हा मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं, तर लघवीतलं प्रथिन, प्लेटलेट, लिव्हर, किडनी सगळं बघावं लागतं. सकाळी छान गप्पा मारणाऱ्या बाईला रात्री झटके (फिट) येऊ शकतात.

दुसरा मुद्दा वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. ‘सलाईन लावून झोपवतात, मग सिस्टर दर तासाला उठवून गुडघ्यावर हातोडी मारते, लघवी मोजते. हा उपचार नाही, बिलाचं नाटक आहे.’

त्या सलाईनमधून बहुतेक वेळा मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट जात असतं. झटके टाळणारं हे सर्वांत भरवशाचं औषध. पण रक्तात जास्त झालं तर तेच जिवावर बेततं: आधी हातोडी मारल्यावर पाय उडायचा थांबतो, मग श्वास मंदावतो, शेवटी हृदय. म्हणून हातोडी. पाय उडाला तर मात्रा ठीक आहे. उडाला नाही तर औषध तिथल्या तिथे बंद आणि डॉक्टरांना हाक. श्वास मिनिटाला सोळाच्या खाली गेला तरी तेच. औषध बाहेर पडतं किडनीतून, म्हणून लघवीची पिशवी. तासाला ३० मिलीपेक्षा कमी भरली, तर औषध आत साठतंय असं धरायचं. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी तयार ठेवलेलं असतं. झोपमोड होते, मान्य. पण झोपलेल्या बाईचा गुडघा उडतोय की नाही, हे दारातून बघून कळत नाही.

२००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला मॅगपाय हा अभ्यास बघा. ३३ देश, दहा हजारांहून जास्त बायका. मॅगसल्फ मिळालेल्यांपैकी ०.८ टक्के जणींना झटके आले, न मिळालेल्यांपैकी १.९ टक्के. धोका निम्म्याहून कमी. आणि त्यात औषधावर लक्ष कसं ठेवलं होतं? रक्तातलं मॅग्नेशियम मोजून नव्हे. गुडघा, श्वास आणि लघवी बघून. हातोडी, घड्याळ आणि लघवीची पिशवी यांतून बिल नेमकं कसं फुगवायचं, हे मेसेज लिहिणाऱ्यानेच सांगावं.

तिसरा: बाळाच्या काविळीला कोवळं ऊन पुरतं, निळ्या दिव्याखाली ठेवणं हा देखावा. इथे थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. १९५६ च्या सुमाराला इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांची बाळं उन्हात नेत. त्यांच्याच लक्षात आलं की ऊन लागलेल्या कातडीचा पिवळेपणा जातो आणि झाकलेली जागा पिवळीच राहते. पण तिथल्याच डॉक्टरांनी पुढे दिवा बनवला, कारण ऊन मोजून देता येत नाही. ढग आला की गेलं, आणि उघडं बाळ एक तर गारठतं नाहीतर भाजतं. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ तर कधीच साधी समजायची नाही. बिलिरुबिन, म्हणजे काविळीतलं पिवळं द्रव्य, मेंदूत उतरलं तर कान कायमचे जातात, शरीर आखडतं. ऊन दाखवत बसण्यात नेमकी तीच वेळ निघून जाते.

चौथा: पेटीत ठेवून आईपासून तोडतात, त्यापेक्षा घरी न्या. तोडायचे, हे खरं. काही ठिकाणी अजूनही तोडतात. २०२१ मध्ये पाच देशांतल्या अभ्यासात एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले. पण ती बाळं होती अतिदक्षता विभागात, सिस्टरच्या नजरेखाली. तेव्हा छातीशी धरायची ही कांगारू पद्धत हक्काने मागा. डिस्चार्ज मागू नका.

पाचवा, जन्मल्याबरोबर आंघोळ. नको. जागतिक आरोग्य संघटना निदान २४ तास थांबा म्हणते. बाळ गार पडतं, विषय संपला.

शेवटचा: बाळंतपण झालं की बीपी आपोआप जातं, लगेच घर गाठा. जातं, पण लगेच नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात ते पुन्हा चढू शकतं, आणि झटके बाळंतपणानंतरही येतात. भाचीला लिहून दिलंय: डोकं दुखायचं थांबत नसेल, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं किंवा श्वास लागला, तर बाळाला घेऊन त्याच पावली परत ये. मला फोन नंतर कर.