चौकात आंबा नको, शंकू ठेवा

आमच्या चौकाच्या सुशोभीकरणाची चर्चा परत सुरू झालीय. यादी नेहमीचीच: फायबरचा हापूस, फायबरची सुरमई, नाहीतर गलबत. मी सुचवलं, जांभ्या दगडाचे तीन आकार मांडा. शंकू, गोल, वृत्तचिती. तिन्हींची उंची-रुंदी एकच. बैठकीत हशा पिकला. "ह्यो लाडू कोण खातलो?"

हसा. पण गेल्या श्रावणात काकांच्या गणपतीच्या शाळेत मी हे हाताने करून बघितलंय. पाइपचा तुकडा कापून घेतला, आतून चार इंच रुंद, तेवढाच उंच. त्यात माती ठासून भरली, बाहेर ढकलली आणि तराजूवर तीन सारखे भाग केले. दोन भागांचा मिळून लाडू वळला. पाइपात सोडला तर अगदी नेमका बसला, कडांना टेकून, वर-खाली काठाला काठ. उरलेल्या एका भागाचा शंकू झाला, तळ पाइपाएवढा आणि टोक थेट काठापर्यंत. एकास दोनास तीन! दहावीला महत्त्वमापनाची सूत्रं घोकून मार्क मिळवले होते, पटलं मात्र त्या दिवशी. काका मूर्तीचे डोळे आखत होते. मान वर न करता म्हणाले, "माती खोटा बोलणा नाय, बाय."

आर्किमिडीजला हा गोल-वृत्तचितीचा संबंध इतका प्रिय, की थडग्यावर त्याने हेच आकार मागितले. इ.स.पू. ७५ मध्ये रोमन वक्ता सिसेरोला सिसिलीतल्या सिराक्यूजमध्ये काटेरी झुडपांत बुजलेलं ते थडगं सापडलं, ते या आकारांवरूनच.

"हे आपलं नाही" म्हणणाऱ्यांनी जरा सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, फिरून यावं. रत्नागिरी-राजापूरच्या कातळशिल्पांत हत्ती-मासे आहेत, तशा निव्वळ भौमितिक चौकटी आणि नक्ष्याही आहेत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. तिथे मात्र उपयोग काय, असं कुणी विचारत नाही!

माझ्या अटी थोड्याच. कठडा नको, कारंजं नको, ग्रॅनाइटची लादी तर नकोच. पोरांचा हात पोचला पाहिजे. पावसात जांभा काळा पडेल, शेवाळ धरेल, धरू दे. आणि उद्घाटनाचा फलक वृत्तचितीपेक्षा मोठा नको (हे लेखी घ्यावं लागेल).

पुढच्या बैठकीला पाइपचा तुकडा आणि मातीचे तीन गोळे घेऊन जातेय. चहा यायच्या आत दाखवून होईल.